ठेकेदार बदलला, कंपनी बदलली. समुद्रातल्या कामगाराच्या जिवाचं काय? समजून घ्या

१७ मे २०२१. तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे निघालं होतं. किनाऱ्यावरचे लोक उडालेले पत्रे आणि पडलेली झाडं बघत होते. त्याच वेळी मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात पी-३०५ नावाचं बार्ज बुडत होतं. त्यावर २६१ माणसं होती. नौदल आणि तटरक्षक दलाने त्यातल्या १८६ जणांना वाचवलं. हे बार्ज आणि त्याच वादळात बुडालेली 'वरप्रदा' ही टगबोट, दोन्ही मिळून ८० हून जास्त माणसं गेली. पुढचे काही दिवस रायगड आणि वलसाडच्या किनाऱ्याला मृतदेह लागत होते.

ही सगळी काही खलाशी मंडळी नव्हती. वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी, सुपरवायझर अशी हाताला काम असलेली साधी माणसं होती. काम ओएनजीसीच्या प्रकल्पाचं होतं, पण यातली बहुतेक माणसं ओएनजीसीच्या पगारपत्रकावर नव्हती. ओएनजीसीने काम एका मोठ्या कंपनीला दिलं होतं. त्या कंपनीने बार्ज दुसऱ्याकडून भाड्याने घेतलं होतं. आणि कामगार आणखी वेगवेगळ्या ठेकेदारांमार्फत आले होते.

वादळाचा इशारा हवामान खात्याने आधीच दिला होता. मग बार्ज सुरक्षित जागी का गेलं नाही? यावर पेट्रोलियम मंत्रालयाने उच्चस्तरीय समिती नेमली, पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. पण गावाकडच्या माणसाच्या मनातला प्रश्न अगदी साधा आहे. 'काम थांबवा, परत चला' हा हुकूम नेमका कोणी द्यायचा होता? तेल कंपनीने, मुख्य ठेकेदाराने, बार्जच्या मालकाने की कप्तानाने?

हा प्रश्न एकट्या पी-३०५ चा नाही. समुद्रातल्या तेलाच्या कामावर जगभरात मोठे अपघात झाले. त्यांच्या चौकशांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडली. मशीन बिघडण्याच्या आधी माणसांची व्यवस्था बिघडलेली होती. मालक बदलला, ठेकेदार बदलला, माणसं कमी केली, शिफ्ट बदलली, की त्याचा परिणाम प्लॅटफॉर्मवरच्या माणसाच्या सुरक्षेवर होतो. तो कसा होतो, ते पाहू.

समुद्रातलं काम असतं तरी कसं?

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर समुद्रात 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तिथं विहीर खोदली आणि तेल लागलं. १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. आज तिथं समुद्रात लोखंडी पायांवर उभे केलेले अनेक प्लॅटफॉर्म आहेत. तिथला वायू समुद्राच्या तळावरून पाइपलाइनने उरणला येतो.

प्लॅटफॉर्मवर जायचं ते हेलिकॉप्टरने किंवा बोटीने. एकदा गेलं की बारा-बारा तासांची शिफ्ट. कंपनीच्या कायम कर्मचाऱ्याला साधारण १४ दिवस काम आणि १४ दिवस घर असं चक्र असतं. ठेकेदाराच्या कामगाराची फेरी बऱ्याचदा त्याहून लांबते. दुरुस्तीचं किंवा नवीन बांधणीचं मोठं काम निघालं की माणसं प्लॅटफॉर्मवर मावत नाहीत. मग बाजूला बार्ज उभं करतात. बार्ज म्हणजे तरंगती चाळच समजा. तिथं झोपायचं, जेवायचं आणि सकाळी प्लॅटफॉर्मवर कामाला जायचं. बऱ्याच बार्जना स्वतःचं इंजिन नसतं. नांगरावर उभं राहायचं आणि हलवायचं झालं तर टगबोटीने ओढायचं.

ही ठेकेदारीची साखळी समजायला ऊसतोडीचं उदाहरण पुरेसं आहे. ऊस कारखान्याचा, पण टोळी मुकादमाची. तोडणी करणाऱ्याला कारखान्याचा शेतकी अधिकारी ओळखत नाही. त्याचा सगळा व्यवहार मुकादमाशी. उद्या फडात अपघात झाला तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम नशिबाकडे. समुद्रात ही साखळी आणखी लांब असते, आणि तिथून पायी चालत घरी येता येत नाही.

'बदल' म्हणजे नेमकं काय बदलतं?

कंपनीतले बदल अनेक प्रकारचे असतात. दोन कंपन्या एक होतात. तेलक्षेत्र दुसऱ्या कंपनीला विकलं जातं. जुन्या ठेकेदाराची मुदत संपते आणि कमी दराची निविदा भरणारा नवा ठेकेदार येतो. चार माणसांचं काम तिघांवर येतं. प्लॅटफॉर्मवर बसणारा साहेब किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसून काम बघायला लागतो.

या बदलाने प्लॅटफॉर्मचं लोखंड बदलत नाही, पाइपातल्या वायूचा दाबही बदलत नाही. बदलतं ते एवढंच की कोणाला काय माहीत आहे, कोणी कोणाला विचारायचं आणि 'थांब' म्हणायचा अधिकार कोणाला आहे. बाहेरून बघणाऱ्याला हे दिसत नाही. अपघात झाल्यावरच दिसतं.

पायपर अल्फा: एका शिफ्टचा निरोप दुसऱ्या शिफ्टला गेलाच नाही

शेतकऱ्याला एक गोष्ट चांगली माहीत आहे. लाइनमन पोलवर चढला असेल आणि खाली कोणी न विचारता फ्यूज टाकला, तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून 'परमिट' घेतल्याशिवाय लाइनमन चढत नाही.

६ जुलै १९८८ रोजी ब्रिटनच्या उत्तर समुद्रात 'पायपर अल्फा' या प्लॅटफॉर्मवर असंच काहीसं घडलं. दिवसपाळीत एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. उघड्या पाइपावर तात्पुरतं झाकण लावलं होतं. संध्याकाळी शिफ्ट बदलली. व्हॉल्व्ह काढला आहे, पंप सुरू करू नका, हा निरोप रात्रपाळीपर्यंत पोहोचला नाही. परमिटचा कागद होता, पण तो ज्याच्या हातात असायला हवा होता त्याच्या हातात नव्हता.

रात्री दुसरा पंप बंद पडला. उत्पादन चालू ठेवायचं म्हणून रात्रपाळीने पहिला पंप सुरू केला. तात्पुरत्या झाकणातून वायू सुटला आणि दहाच्या सुमाराला स्फोट झाला. शेजारच्या दोन प्लॅटफॉर्मवरून त्याच पाइपलाइनमध्ये तेल येत राहिलं, कारण बंद करायचा निर्णय तिथं लवकर झाला नाही. आगीला इंधन मिळत गेलं. १६७ माणसं मेली, ६१ वाचली. समुद्रातल्या तेलाच्या कामावरचा हा आजवरचा सगळ्यात जीवघेणा अपघात आहे.

मेलेल्यांत बहुसंख्य लोक ठेकेदारांचे होते. त्या काळात ब्रिटनच्या समुद्रात ठेकेदाराच्या माणसाला एक भीती असायची. सुरक्षेबद्दल जास्त बोललं की नावापुढं 'पुन्हा पाठवू नये' असा शेरा पडायचा आणि पुढच्या फेरीला बोलावणं यायचं नाही. त्यामुळे दिसत असूनही माणसं गप्प बसायची.

न्यायमूर्ती लॉर्ड कलन यांनी या अपघाताची चौकशी केली. १९९० मध्ये अहवाल आला आणि त्यात १०६ शिफारशी होत्या. एक महत्त्वाचा बदल असा झाला की जे सरकारी खातं तेल उत्पादन वाढवायचं बघत होतं, त्याच्याकडून सुरक्षेचं काम काढून स्वतंत्र सुरक्षा यंत्रणेकडे दिलं. उत्पादन आणि सुरक्षा एकाच माणसाच्या हातात ठेवली की सुरक्षा मागं पडते, हे लोकांना १६७ जीव गेल्यावर पटलं.

नॉर्वे: एका प्लॅटफॉर्मचे पाच वर्षांत तीन कारभारी

नॉर्वे हा देश समुद्रातल्या सुरक्षेसाठी नावाजलेला. तिथला कामगार दोन आठवडे काम करतो आणि चार आठवडे घरी राहतो. तरी तिथंही बदलाचा फटका बसला.

'स्नोरे ए' हा तिथला तरंगता प्लॅटफॉर्म, समुद्राच्या तळाला बांधून ठेवलेला. सुरुवातीला तो 'सागा' नावाच्या कंपनीकडे होता. १९९९ मध्ये सागा 'हायड्रो'ने घेतली. २००३ पासून कारभार 'स्टॅटऑइल'कडे गेला. म्हणजे पाच वर्षांच्या आत तीन कंपन्या. माणसं बरीचशी तीच, पण प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, फॉर्म वेगळे, साहेब वेगळे. किनाऱ्यावरून मदत करणारे तज्ज्ञही बदलत गेले.

२८ नोव्हेंबर २००४ रोजी तिथल्या एका जुन्या विहिरीत काम चालू होतं. त्या विहिरीच्या आतल्या पाइपाला भोक पडलेलं आहे, ही गोष्ट जुन्या नोंदीत होती. तरी धोक्याचा नीट आढावा न घेता पाइप बाहेर ओढायला सुरुवात झाली. वायू समुद्राच्या तळातून प्लॅटफॉर्मच्या खालीच उसळायला लागला. त्या वेळी वर २१६ माणसं होती. त्यातल्या १८१ जणांना हेलिकॉप्टरने हलवलं. मागे राहिलेल्या ३५ जणांनी विहिरीत जड चिखलासारखं द्रव्य पंप करून दुसऱ्या दिवशी वायू थांबवला. एकही जीव गेला नाही, पण एका ठिणगीचा प्रश्न होता. सरकारी सुरक्षा यंत्रणेने तपास केला, तेव्हा नियम मोडल्याच्या २८ गोष्टी सापडल्या. चूक एका माणसाची नव्हती. कामाची आखणी, तपासणी, देखरेख अशा अनेक पायऱ्यांवर चुका झाल्या होत्या आणि कुठल्याच पायरीवर त्या अडल्या नाहीत.

गोष्ट इथं संपत नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये स्टॅटऑइल आणि हायड्रोचा तेल विभाग एकत्र झाले. दोन कंपन्यांची माणसं, पद्धती, नियमावल्या एका साच्यात बसवायचं काम सुरू झालं. अनेकांच्या जागा बदलल्या. मे २०१० मध्ये 'गुलफॅक्स सी' या प्लॅटफॉर्मवर पुन्हा विहिरीचा ताबा सुटला. याही वेळी जीवितहानी झाली नाही. पण सरकारी यंत्रणेने कंपनीला विचारलं की स्नोरेनंतर सुधारणा केल्या म्हणता, मग त्या टिकल्या का नाहीत? बाहेरच्या संशोधकांनी कारणं शोधली, तेव्हा कंपनीतल्या सततच्या फेरबदलांचाही त्यात हात दिसला. एकदा शिकलेला धडा माणसांबरोबर विखुरला गेला होता.

फटका बसतो तो या चार ठिकाणी

*पहिलं: माहीतगार माणूस जातो.* गावातल्या जुन्या विहिरीला कुठल्या बाजूने झरा आहे, कुठला दगड सैल आहे, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. ते पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या माणसाला माहीत असतं. प्लॅटफॉर्मवरही तसंच. कुठला व्हॉल्व्ह अडकतो, कुठला अलार्म खोटा वाजतो, हे जुन्या फिटरच्या डोक्यात असतं. ठेकेदार बदलला आणि तो फिटर घरी गेला, की ती माहितीही त्याच्याबरोबर गेली.

*दुसरं: जबाबदारीचे तुकडे होतात.* चार कंपन्या असल्या की प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्याने बघितलं असेल. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' रिगवर स्फोट होऊन ११ कामगार गेले. विहीर एका कंपनीची, रिग दुसरीचं आणि विहिरीत सिमेंट भरणारी तिसरी. दाबाची चाचणी धोका दाखवत होती, पण तिचा अर्थ चुकीचा लावला गेला. अपघातानंतर तिन्ही कंपन्या एकमेकींवर दोष ढकलत कोर्टात गेल्या.

*तिसरं: तोंड बंद होतं.* नवा ठेकेदार आला की प्रत्येकाला नोकरी टिकवायची असते. मचाण हलतंय, दोर झिजलाय, हे सांगणारा 'कटकट्या' ठरतो. सहा महिन्यांच्या करारावरचा मुलगा, घरी हप्ते चालू, तो कशाला बोलेल? ज्याला धोका आधी दिसतो, तोच गप्प बसतो.

*चौथं: झोप आणि मन.* माणसं कमी केली की काम तेवढंच राहतं, पण वाटणी वाढते. बारा तासांच्या वर थांबावं लागतं. बदली माणूस वेळेवर आला नाही तर फेरी लांबते. एका खोलीत जास्त बिछाने पडतात. पुढचा करार मिळेल की नाही या काळजीने झोप लागत नाही. अर्धवट झोपेतल्या माणसाचा हात चुकतो, हे रात्रीच्या लाइटवर पाणी धरणाऱ्या कोणालाही पटेल.

मग बदल करायचेच नाहीत का?

तसं नाही. पायपर अल्फानंतर ब्रिटनमध्ये सुरक्षा सुधारली तीही बदलामुळेच. चांगला ठेकेदार आला तर जुने सैल धंदे बंदही होतात. मुद्दा एवढाच की नवीन मशीन बसवताना जशी तपासणी करतात, तशीच माणसांची व्यवस्था बदलतानाही करायला हवी. माणूस कमी करण्याआधी त्याचं काम कोण करणार, ते लिहून काढायचं. जुना ठेकेदार आणि नवा ठेकेदार काही दिवस एकत्र काम करतील, असं बघायचं. आणि ज्यांच्यावर बदलाचा परिणाम होणार, त्या कामगारांना आधी विचारायचं.

नॉर्वेच्या कायद्यात हे स्पष्ट आहे. कामाच्या पद्धतीत मोठा फेरबदल करताना कामगारांना माहिती देणं आणि सहभागी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. तिथं कामगारांचा एक सुरक्षा प्रतिनिधी असतो. जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो काम थांबवू शकतो. ब्रिटनमध्ये १९८९ पासून प्लॅटफॉर्मवरच्या कामगारांना आपला सुरक्षा प्रतिनिधी निवडून देता येतो, ठेकेदाराच्या माणसांनासुद्धा.

आपल्याकडे समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेसाठी २००८ मध्ये वेगळे नियम आले. त्यावर देखरेख करायचं काम पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे दिलं. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, आणि कामावर अपघात झाला तर भरपाई मूळ कंपनीकडेही मागता येते, अशी तरतूद आपल्या कायद्यात आहे. पण हे मागायला हातात कागद लागतो. आपण कोणाच्या कामावर होतो हे दाखवता आलं नाही, तर घरच्यांना ऑफिसांचे उंबरे झिजवावे लागतात.

घरातला माणूस समुद्रावर जाणार असेल तर एवढं करा

१. नेमणुकीचं पत्र मागा. त्यावर ठेकेदाराचं पूर्ण नाव, पत्ता, पगार आणि कामाची मुदत हवी. मूळ काम कोणत्या कंपनीचं आहे, तेही विचारून लिहून ठेवा.

२. समुद्रात जीव वाचवायचं प्रशिक्षण दिलं का, ते विचारा. लाइफ जॅकेट कसं घालायचं, पाण्यात उडी कशी मारायची, हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं, हे आधी शिकवायला हवं. प्रशिक्षण न घेता फक्त प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा.

३. तिथं पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी आपलं जमायचं ठिकाण, आपली जीवरक्षक बोट आणि तिकडं जायचे दोन रस्ते बघून घ्या. अंधारातही सापडतील एवढे पक्के करा.

४. 'काम थांबवा' असा हुकूम इथं कोण देतो आणि धोका दिसला तर कोणाला सांगायचं, हे सुपरवायझरला सगळ्यांसमोर विचारा. कामाआधीच्या रोजच्या बैठकीत हा प्रश्न विचारायला हरकत नसते.

५. शिफ्ट संपताना अर्धवट राहिलेलं काम पुढच्या माणसाला तोंडी सांगा आणि वहीत लिहासुद्धा. दोन्ही करा.

६. ठेकेदार मध्येच बदलला तर नवीन नेमणूक पत्र घ्या. पीएफचा यूएएन नंबर तोच राहिला पाहिजे. पैसे जमा होतात की नाही ते मोबाइलवर उमंग अ‍ॅपमध्ये दिसतं.

७. प्लॅटफॉर्मचं किंवा बार्जचं नाव, ठेकेदाराच्या ऑफिसचा नंबर, ओळखपत्राचा आणि नेमणूक पत्राचा फोटो घरच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. समुद्रात रेंज नसते, त्यामुळे हे निघायच्या आधीच करा.

पी-३०५ बुडालं तेव्हा गावागावांतली कुटुंबं नेमकी कोणाला फोन करायचा, याच विचारात होती. मुलगा मुंबईला कंपनीत आहे एवढंच अनेकांना माहीत होतं. कंपनी कोणती, बार्ज कोणतं, हे टीव्हीवर बातमी आल्यावर कळलं. पावसाळा संपला की समुद्रातली कामं पुन्हा जोरात सुरू होतात आणि ठेकेदारांची माणसं गावात भरतीला येतात. तुमच्या वाडीवरून कोणी जात असेल, तर बॅग भरायच्या आधी त्याच्याकडून वरची माहिती घरात लिहून घ्या.